झूम एफ३: एकट्या माहितीपटकाराचा रेकॉर्डर

कॅमेराही आपणच, प्रश्नही आपणच, मग आवाजाची पातळी कोण सांभाळणार? एफ३वर गेनचं, म्हणजे माइकचा आवाज कमी-जास्त करायचं, बटणच नाही. ३२-बिट फ्लोट या अतिहळू ते अतिमोठा आवाज टिपणाऱ्या रेकॉर्डिंग पद्धतीमुळे कुजबुज आणि ढोलताशा एकाच टेकमध्ये सुरक्षित. पातळी एडिटवर लावायची. मात्र माइकमध्येच आवाज फाटला, वारा घुसला किंवा खोली घुमली, तर तो आवाज वाचत नाही. केसाळ विंडशील्ड हवंच.

एक्सएलआर (व्यावसायिक माइकच्या तीन पिनांच्या केबलचे) इनपुट दोनच. ४८ किलोहर्ट्‌झ स्टीरिओला तासाला साधारण १.४ जीबी लागतात. फँटम पॉवर (केबलमधून माइकला दिली जाणारी वीज) चालू ठेवली की दोन एए सेल भराभर संपतात. लांब मुलाखतीला यूएसबी-सीवर पॉवर बँक लावा. टाइमकोडचा (चित्र आणि आवाज जुळवणाऱ्या वेळखुणेचा) ब्लूटूथ अडॅप्टर वेगळा घ्यावा लागतो, हे जरा खटकतं. तो नसेल तर जुळवणीसाठी कॅमेऱ्यासमोर टाळी वाजवा.