व्हाइस आधी की क्लॅम्प? आणि करवत कशात धरायची?

मी कोल्हापूरच्या उद्यमनगरात पॅटर्नच्या कामात आहे, म्हणजे ओतकामासाठी वाळूत साचा पाडायचे लाकडी नमुने बनवतो. त्यामुळे वर्षातून दोन-चार जण तरी विचारतात, "घरी सुतारकाम सुरू करायचंय, आधी व्हाइस घेऊ की क्लॅम्प?" परवा ओळखीच्या एका पोराने त्यात भर घातली, "आणि दादा, करवतीला धार लावायला वेगळा व्हाइस लागतो काय?" त्याला जे सांगितलं तेच इथे जरा सविस्तर लिहितो. व्हाइस म्हणजे मेजाला पक्का बसवलेला, स्क्रूने आवळायचा जबडा; क्लॅम्प म्हणजे हवा तिथे लावता-काढता येणारी सुटी पकड.

हार्डवेअरच्या दुकानात नुसता व्हाइस मागितला की बहुतेक वेळा समोर येतो तो फिटरचा. पुस्तकात ज्याला शेगडा म्हणतात, तो. बिडाचा, मेजाच्या वर उभा राहणारा, जबड्यांवर खाचा असलेला. लोखंड धरायला उत्तम. लाकडावर मात्र त्या खाचा उमटतात. शिकाऊ असताना मी एक सागवानी पॅटर्न असाच नुसता धरून पटाशीने साफ केला होता. उमटलेल्या रेघा डोळ्याला दिसत नव्हत्या, बोटाला जेमतेम लागत होत्या. पण साच्याच्या वाळूने त्या नेमक्या उचलल्या आणि ओतून आलेल्या प्रत्येक नगावर त्याच रेघा. तेव्हापासून लाकडी किंवा चामड्याचं अस्तर लावल्याशिवाय मी त्यात लाकूड धरत नाही.

सुतारी व्हाइस मेजाच्या खाली बसतो आणि त्याच्या जबड्यांची वरची कड मेजाच्या पृष्ठभागाशी सपाट येते. फळीच्या कडेला रंधा मारताना हाच फरक कळतो. फळी व्हाइसमध्ये धरली असली तरी तिला मेजाचाही आधार मिळतो, ती थरथरत नाही. ७, ९ आणि साडेदहा इंची जबडे मिळतात. घरच्या कामाला ७ इंची पुरतो, मेज भक्कम असेल तर ९ इंची घ्या. जबड्यांना आतून साधारण पाऊण इंच जाडीच्या लाकडी पट्ट्या लावा आणि स्क्रूची डोकी आत बुडवा, नाहीतर पटाशीची धार गेलीच म्हणून समजा. नवा व्हाइस मिटताना जबडे वरच्या कडेला आधी टेकतात. तो दोष नव्हे. आवळल्यावर ते समांतर व्हावेत म्हणून तसे ठेवलेले असतात. एकाच टोकाला तुकडा धरायचा असेल तर दुसऱ्या टोकाला त्याच जाडीचा ठोकळा घाला, म्हणजे जबडा तिरका होणार नाही. आणि दांड्यात पाइप घालून कधीही आवळू नका. बीड वाकत नाही, थेट तुटतं. कोल्हापुरात तरी हे कुणाला वेगळं सांगायला नको.

पॅटर्नवाल्यांसाठी अमेरिकेत एमर्टचा खास व्हाइस निघाला. त्याचं पेटंट १८९१ सालचं. त्याचे जबडे फिरतात, कलतात. कारण पॅटर्न वाळूतून सुटावा म्हणून त्याला उतार द्यावा लागतो आणि समोरासमोरच्या बाजू समांतर राहत नाहीत. घरच्या कामाला त्याची गरज नाही, पण धरण्याच्या एका अडचणीवर कुणी एवढा विचार केला याचं मला फार कौतुक वाटतं.

आता क्लॅम्प. व्हाइस हात चालू असताना लागतो, क्लॅम्प फेविकॉल वाळेपर्यंत. सी-क्लॅम्प ताकदीचा, पण स्क्रू फिरवून हात भरून येतो. एफ-क्लॅम्पचा जबडा पट्टीवर सरकतो, त्यामुळे तो झटकन लागतो, पण पट्टीवर तेल किंवा भुसा असला तर घसरतो. दोन-तीन फळ्या जोडून रुंद पाट करायचा तर पाइप क्लॅम्प (लांब पाइपावर जबडे बसवलेला) घ्या, आणि एक वरून, एक खालून असे आलटून पालटून लावा, नाहीतर पाट मधोमध उचलतो. ओल्या फेविकॉलला लोखंड टेकलं की सागवानावर काळा डाग पडतो. मी मध्ये गोकुळच्या दुधाची रिकामी पिशवी धुऊन, कापून घालतो, ती चिकटतही नाही. आपल्याकडच्या जुलैत सांधा एरवीपेक्षा बराच जास्त वेळ आवळून ठेवावा लागतो, त्यामुळे तेवढे क्लॅम्प अडकून पडतात हेही धरून चाला.

घर भाड्याचं असेल, भक्कम मेज नसेल, तर आधी चार क्लॅम्प घ्या. हलक्या टेबलाला सुतारी व्हाइस लावला तर रंध्याबरोबर टेबलच चालायला लागतं. मेज असेल तर आधी सुतारी व्हाइस. फिटरचा व्हाइस, लोखंडाचंही काम करणार असाल तरच.

करवतीला धार लावताना ती धरायला मात्र वेगळं काहीही विकत घेऊ नका. २० इंची पातं ४ इंची जबड्यात धरलं की दोन्ही बाजूंचं पातं झणझणतं, कानस दात्यांवरून उड्या मारते, कर्कश आवाज येतो आणि कानस बोथट होते. दीड फुटाच्या दोन फळ्या घ्या. वरची कड बाहेरच्या बाजूने उतरती तासा, मुठीसाठी एका टोकाला खाच द्या. आतली बाजू मध्यभागी रंध्याने किंचित, कागदाएवढी पोकळ करा, म्हणजे दोन्ही टोकं आधी आवळतात. पातं मध्ये घालून दाते फळ्यांच्या वर पाव इंचच ठेवा आणि सगळं व्हाइसमध्ये आवळा. व्हाइस नसेल तर दोन सी-क्लॅम्पनी टेबलाच्या कडेला लावा, तेही चालतं. आवाज खाली येऊन नुसता 'खस्स' असा आला की पकड बरोबर बसली.

तोंड खिडकीकडे करून बसा. आधी सपाट कानस दात्यांवरून एकदा-दोनदा लांबवर फिरवा, म्हणजे सगळे दाते एका उंचीला येतात आणि प्रत्येक टोकावर उजेडाचा बारीक ठिपका चमकतो. मग तिकोनी कानस पुढे ढकलताना दाब द्या, मागे आणताना उचला. ठिपका नाहीसा झाला की तिथेच थांबा, पुढच्या दात्यावर जा. लाकडाच्या रेषांच्या दिशेने उभं चिरायची करवत असेल तर कानस पात्याला काटकोनात, आडवं कापायची असेल तर १५ ते २५ अंश तिरकी.

हे सगळं करण्याआधी दात्यांची टोकं नीट बघा. ती निळसर-काळी असतील आणि कानस त्यांवरून काचेवरून घसरावी तशी घसरत असेल, तर ते दाते कडक केलेले आहेत. त्या करवतीवर कानस वाया घालवू नका. ती बोथट झाली की नवी आणायची.