आदिलशाही लारी घेतली, कोकणच्या इतिहासाची आवड असेल तर नक्की घ्या

नाण्यांच्या प्रदर्शनात एका डीलरच्या टेबलवर विजापूरच्या आदिलशाहीची चांदीची लारी मिळाली आणि मी जाम खूश आहे. गोल नाणं आधी डोक्यातून काढा. ही म्हणजे जाडसर चांदीची तार, मधोमध दुमडून दोन्ही पाय जुळवलेली, अगदी केसांच्या आकड्यासारखी, वजन पावणेपाच ग्रॅमच्या आसपास. दुमडलेल्या तारेवर दोन्हीकडून ठसा मारायचे आणि ठसा तारेपेक्षा रुंद, त्यामुळे अक्षरं अर्धीच उमटतात. माझ्या लारीवर अली आदिलशाहाच्या नावातलं जेमतेम 'अली' लागतं, बाकीचं तारेबाहेर गेलंय. पण याला खोट समजू नका, बहुतेक अशाच सापडतात.

नाव पडलं इराणमधल्या लार शहरावरून. होर्मुझला येणाऱ्या-जाणाऱ्या जहाजांबरोबर ही सगळ्या अरबी समुद्रात पसरली, दाभोळ, गोवा, सिलोन, मालदीव, आणि चांदी चोख म्हणून बंदरात कुठेही चालायची, मग काय, इथल्या राज्यकर्त्यांनीच आपापल्या लाऱ्या पाडायला घेतल्या. सिलोनात तर ती गळासारखी वाकवायचे! फ्रान्स्वा पिरार नावाचा फ्रेंच प्रवासी 1602 मध्ये जहाज फुटून मालदीवला अडकला, त्याने लिहून ठेवलंय की तिथे एका लारीला बारा हजार कवड्या मिळायच्या, आणि याच कवड्या पुढे युरोपियन जहाजं तळाला वजन म्हणून भरून न्यायची. म्हणजे खालचं वजन पण पैसाच. आधी शहर, मग तार, मग हिशोबाचं माप, आणि मालदीवमध्ये आजही 100 लारींचा एक रुफिया होतो, हे मला फार भारी वाटतं.

डीलरने वजन समोर करून दाखवलं, बिल दिलं, घाई केली नाही, त्याला पूर्ण मार्क. फक्त सोबतच्या कार्डावर 'चांदीची लारी' एवढंच छापलंय, निदान राजाचं नाव तरी टाकायला हवं होतं.

घेताना एक बघा, तारेवर छिन्नीची खाच असेल तर घाबरू नका, आत तांबं तर नाही ना हे बघायला तेव्हाचे सराफच मारायचे, उलट अशी खाच मला तरी आवडते. किंमत अक्षरं किती दिसतात त्यावर ठरते, म्हणून 'अली' आणि 'शाह' दोन्ही लागत असतील तर थोडे जास्त गेले तरी सोडू नका. आणि पीव्हीसीच्या पाकिटात ठेवू नका, चांदी हिरवट चिकट होते.