गिअर सुटतोय: घरी खोलायचा की जुना गिअरबॉक्स आणायचा?

चढाला भरली ट्रॉली ओढताना ट्रॅक्टरचा दुसरा गिअर सुटतो, म्हणून शेजारचे दादा अडलेत: घरीच खोलावं की जुन्या बाजारातून आख्खा गिअरबॉक्स आणावा?

खर्चात घरची दुरुस्ती स्वस्त. आधी वरचं झाकणच काढा. बऱ्याचदा कमजोर स्प्रिंग किंवा घासलेला शिफ्टर फोर्क (गिअर सरकवणारा काटा) एवढाच दोष निघतो. दातांच्या कडा गोल झाल्या असतील तर मात्र जोडीचे दोन्ही गिअर बदला.

मेहनत? दुसरा बॉक्स बसवायलाही ट्रॅक्टर मधोमध दोन भागांत वेगळा करावाच लागतो. पुढच्या एक्सलवर दोन्हीकडे लाकडी पाचर ठोका, नाहीतर इंजिन कलंडतं.

टिकण्याचं म्हणाल तर विकणाऱ्याच्या ‘चालू कंडिशन’वर जाऊ नका. त्या जुन्या बॉक्समधलं तेल बघा; ते दुधाळ दिसलं की पाणी शिरलंय.

आपल्या गिअरबॉक्सच्या केसिंगलाच (बाहेरच्या कवचाला) तडा असेल तर जुना बॉक्स घ्या. हाताशी वेळ असेल तर घरीच खोला. पेरणी तोंडावर असेल तर मिस्त्री बोलवा.