थर्मोस्टॅट परत बसवला, हीटर परत आला: आठ महिन्यांनंतर

गोव्यात कारचा हीटर सहसा कुणी लावून बघत नाही. मीही बघितला नव्हता. गेल्या डिसेंबरात आईला ताईकडे बेळगावला न्यायचं होतं. पहाटे साखळीहून निघालो, अंजुणे धरण मागे पडलं आणि चोर्ला घाट चढताना आई मागच्या सीटवर कुडकुडायला लागली. हीटरचं बटण लाल खुणेवर नेलं, पंखा मोठा केला, तरी वारा गारच. इंजिनाच्या तापमानाचा काटाही अर्ध्या तासानंतर तळाशीच होता. खरी खूण तीच होती, हे नंतर कळलं.

पहिल्या गॅरेजात सांगितलं, हीटर कोअर (इंजिनाच्या गरम पाण्याने आतला वारा तापवणारी जाळी) चोंदलाय, डॅशबोर्ड उतरवावा लागेल. मला ते पटेना. कोअर चोंदला असता तर त्यात जाणारा पाइप गरम आणि परत येणारा गार लागला असता. माझे दोन्ही पाइप सारखेच कोमट होते. म्हणजे इंजिनातून येणारं पाणीच तापत नव्हतं.

फोंड्याच्या एका म्हाताऱ्या मेस्त्रींनी सकाळी थंड इंजिन सुरू करून रेडिएटरच्या वरच्या पाइपवर हात ठेवला. थर्मोस्टॅट, म्हणजे पाणी तापेपर्यंत रेडिएटरची वाट बंद ठेवणारा वॉल्व, शाबूत असेल तर हा पाइप आधी बराच वेळ गार राहतो आणि मग एकदम तापतो. आमचा पहिल्यापासूनच हळूहळू कोमट होत गेला. त्याचं हाउसिंग, म्हणजे तो बसतो ती डबी, उघडलं तर आत थर्मोस्टॅटच नाही! तीन वर्षांपूर्वी गाडी तापली होती तेव्हा एका गॅरेजवाल्याने "गोंयांत वॉल्व कित्याक जाय?" (गोव्यात वॉल्व कशाला हवा?) म्हणून तो काढून टाकला होता, आणि मीही मान डोलावली होती.

हा समज आपल्याकडे फार पसरलाय, आणि तो चुकीचा आहे. थर्मोस्टॅट साधारण 82 ते 88 अंशांना उघडतो. तोवर पाणी इंजिनात आणि हीटरमध्येच फिरतं, रेडिएटरकडे जात नाही. तो नसला की इंजिन कायम अर्धवट तापलेलं राहतं, गाडीचा संगणक त्याला थंड समजून जास्त पेट्रोल सोडतो आणि हीटर गार वारा फेकतो.

आतलं पाणी तांबूस निघालं, कारण मी विहिरीचं पाणी ओतत होतो. स्वच्छ पाणी येईपर्यंत धुतलं, मग कूलंट आणि डिस्टिल्ड वॉटर निम्मं निम्मं भरलं. थर्मोस्टॅट, गॅस्केट, कूलंट, मजुरी मिळून 2300 रुपये.

दुसऱ्या दिवशी सिग्नलला थांबलो की वारा पुन्हा गार, आणि डॅशबोर्डमागे खळखळ. हवा अडकली होती. इंजिन पूर्ण थंड असताना गाडीचं तोंड चढावर ठेवून रेडिएटरचं झाकण उघडलं, हीटर पूर्ण गरमवर ठेवून इंजिन चालू केलं आणि बुडबुडे थांबेपर्यंत थोडं थोडं कूलंट ओतलं. इंजिन गरम असताना हे झाकण मात्र कधीही उघडू नका, वाफेने हात भाजतो.

आता काटा दहाएक मिनिटांत मध्यावर येतो आणि तिथेच राहतो. मायलेज 13.5 वरून 15 वर गेलं. पण खरा उपयोग कळला तो पावसात. जुलैमध्ये चोर्ल्यात धुकं इतकं दाट असतं की पुढच्या गाडीचा लाल दिवाच तेवढा दिसतो. पूर्वी नुसता एसी काचेवर सोडला की काच गार पडून बाहेरून धुकट व्हायची, आणि बंद केला की आतून. आता एसी चालू ठेवतो, बटण मध्याच्या जरा पुढे गरमकडे, हवा बाहेरची आणि झोत काचेवर. एसी हवा कोरडी करतो, हीटर ती गरम करतो, आणि काच मिनिटभरात स्वच्छ होते. घाटात आई शेजारी बसलेली असताना याची किंमत मला कळते.

जूनमध्ये कूलंटची पातळी बोटभर उतरली होती. एका पाइपची क्लिप सैल निघाली, ती बदलली. त्यानंतर पातळी हललेली नाही आणि कूलंटचा रंग अजून हिरवाच आहे. चवथीला पुन्हा बेळगावला जायचंय, त्याआधी एकदा बॉनेट उघडून बघेन.