‘एक्सेलला निघतंय न्हवं?’ : सीएसव्ही द्यायची की खरं एक्सेल?

कोल्हापूरच्या उद्यमनगरातला फौंड्रीवाला असो, शाहू मार्केट यार्डातला गुळाचा अडत्या असो, नाहीतर करवीर तालुक्यातल्या एखाद्या दूध संस्थेचा सचिव. सॉफ्टवेअरचा डेमो कितीही रंगला तरी शेवटचा प्रश्न ठरलेला: “हे एक्सेलला निघतंय न्हवं?” आपण सॉफ्टवेअरवाले मान डोलावतो, चहा येतो, ऑर्डर पक्की होते. त्या एका बटणापायी पुढची दोन वर्षं फोन येत राहणार आहेत, हे तेव्हा कुणाच्याच डोक्यात नसतं.

वेब अ‍ॅप्लिकेशनमधला डेटा स्प्रेडशीटमध्ये न्यायच्या नेहमीच्या वाटा तीन. सीएसव्ही म्हणजे साध्या मजकुराची फाईल, एचटीएमएलच्या म्हणजे वेबपेजच्या टेबलाला एक्सेलचं नाव चिकटवून केलेला जुगाड, आणि एक्सेलची स्वतःची खरी एक्सएलएसएक्स फाईल. चौथी म्हणजे थेट गूगल शीट्समध्ये ओतणं. डेव्हलपर आपल्याला सोपी पडते ती वाट धरतो, आणि गिऱ्हाईक कुठली धरली हे विचारतही नाही. मी आता एवढंच बघतो की फाईल आधी कोण उघडणार. माणूस उघडणार असेल तर एक्सएलएसएक्स, दुसरं सॉफ्टवेअर वाचणार असेल तर सीएसव्ही. हे शहाणपण मला फजिती होऊन आलं.

सीएसव्ही

सीएसव्ही म्हणजे साधा मजकूर. एका ओळीत एक नोंद, रकान्यांच्या मध्ये स्वल्पविराम. २००५ सालच्या आरएफसी ४१८० या इंटरनेटच्या तांत्रिक दस्तऐवजात तिची रीत लिहून ठेवलेली आहे. रकान्यातच स्वल्पविराम असेल तर तो रकाना दुहेरी अवतरणात घालायचा, आणि आत अवतरण असेल तर ते दोनदा लिहायचं. हे न पाळता कोडमध्ये हातानं स्वल्पविराम जोडत बसलं, की ‘दुसरी गल्ली, राजारामपुरी, कोल्हापूर’ हा पत्ता तीन रकान्यांत पसरतो आणि मोबाईल नंबर भलत्याच मथळ्याखाली जाऊन बसतो. बहुतेक प्रोग्रामिंग भाषांत यासाठी तयार फंक्शन किंवा लायब्ररी (तयार कोडचा संच) मिळते, ती वापरावी.

सर्व्हरला सीएसव्हीचा भार जवळजवळ शून्य. डेटाबेसमधून एक ओळ घ्यायची, लिहायची, सोडून द्यायची. दहा हजार ओळी असोत की दहा लाख, मेमरी तेवढीच लागते. टॅलीत नेणारा, बँकेला देणारा, दुसऱ्या सिस्टिममध्ये भरणारा प्रोग्राम ती आनंदानं वाचतो.

घोळ होतो तो एक्सेलमध्ये डबल क्लिक केल्यावर. कुठला रकाना मजकूर आणि कुठला आकडा, हे सांगायला सीएसव्हीत जागाच नाही. मग एक्सेल अंदाज बांधतं, आणि तो अंदाज आपल्या भागातल्या डेटावर हमखास चुकतो. दुधाचा एचएसएन कोड (जीएसटीसाठीचा मालाचा क्रमांक) ०४०१, उघडल्यावर ४०१. कोल्हापूरचा एसटीडी कोड ०२३१, उघडल्यावर २३१. गाडी नंबरचे तुकडे वेगळ्या रकान्यांत ठेवले असतील तर एमएच ०९ मधल्या ०९ चा ९ होतो. गट नंबर १५/२ लिहिला की १५ फेब्रुवारी. ‘उताऱ्याचा प्रकार’ या रकान्यात कुणी ७/१२ लिहिलं असेल तर कॉम्प्युटरच्या प्रादेशिक सेटिंगप्रमाणे ७ डिसेंबर, नाहीतर १२ जुलै. महाराष्ट्रातल्या सगळ्यात महत्त्वाच्या कागदाची तारीख करून टाकणारं सॉफ्टवेअर आपण रोज वापरतो! गट नंबराच्या रकान्यात ११२/३ मात्र तसाच राहतो, कारण तशी तारीखच नसते. म्हणून वरवर चाळणाऱ्याला चूक दिसतही नाही.

फौंड्रीतला किस्सा वेगळाच. हीट नंबर, म्हणजे भट्टीतल्या एका वितळणीचा क्रमांक, होता ‘२४ई०७’, त्यातलं ई हे इंग्रजी अक्षर. एक्सेलनं ते दहाचा घात समजून घेतलं आणि २.४०ई+०८ म्हणजे चोवीस कोटी करून दाखवलं. हे रडगाणं आपल्यापुरतंच आहे असंही नाही. जनुकांची नावं ठरवणाऱ्या समितीनं २०२० मध्ये ‘मार्च१’ सारखी काही नावं चक्क बदलली, कारण एक्सेल त्यांच्या तारखा करत होतं.

आता माझी फजिती. एका दूध संस्थेला दहा दिवसांच्या बिलाची यादी मी सीएसव्हीत काढून देत होतो: उत्पादकाचं नाव, खाते नंबर, आयएफएससी, रक्कम. ती तशीच्या तशी बँकेच्या पोर्टलवर चढवायची, एवढंच ठरलं होतं. पण सचिवांनी आधी एक्सेलमध्ये उघडली, एक नाव दुरुस्त केलं आणि सेव्ह केली. कोणीही करेल असंच ते काम. मोठा आकडा एक्सेल घात लावून आखूड दाखवतं आणि सीएसव्ही सेव्ह करताना जसं दिसतंय तसंच लिहितं. सोळा आकडी खाते नंबरांच्या जागी ६.०४ई+१५ अशी रांग तयार झाली. शिवाय एक्सेलचा आकडा पंधरा अंकांपर्यंतच खरा असतो, त्यापुढच्या अंकाचा शून्य होतो. म्हणजे सेव्ह करण्याआधी रकान्याचा फॉरमॅट बदलून ‘दुरुस्त’ केला असता तरी शेवटचा अंक गेलेलाच होता. पोर्टलनं पूर्ण फाईल नाकारली, हे नशीब. “तुमचं सॉफ्टवेअर खाती खातंय काय?” असा फोन आला आणि मला उत्तर सुचलं नाही. चूक माझीच होती. माणसाच्या हातात जाणारी फाईल मी यंत्राच्या भाषेत दिली होती.

यावर उपाय सांगतात. डेटा मेनूतून फाईल आयात करा, प्रत्येक रकान्याला ‘मजकूर’ असा प्रकार द्या. सांगायला ठीक आहे, पण गेल्या कित्येक वर्षांत हे करणारा कारकून मला भेटलेला नाही. २०२३ पासून नव्या एक्सेलमध्ये हे आपोआप होणारे बदल बंद करायची सोय आली आहे, पण संस्थेच्या कॉम्प्युटरवर अजून २०१० ची आवृत्ती असते. काही जण ०४०१ च्या आधी बरोबरचं चिन्ह आणि अवतरण घालून एक्सेलला फसवतात. एक्सेल फसतं, पण दुसरं प्रत्येक सॉफ्टवेअर त्या चिन्हावर अडखळतं, म्हणजे सीएसव्ही घेण्याचं एकमेव कारणही संपलं.

मराठीचं दुखणं निराळं. फाईल यूटीएफ-८ मध्ये, म्हणजे सगळ्या लिप्या साठवायच्या युनिकोडच्या नेहमीच्या पद्धतीत, बिनचूक असली तरी डबल क्लिक केल्यावर नावांच्या जागी टोप्या घातलेली परकी अक्षरं दिसतात. फाईलच्या अगदी सुरुवातीला बीओएम या खुणेचे तीन बाइट टाकले की एक्सेल देवनागरी नीट दाखवतं. मात्र ती फाईल वाचणाऱ्या दुसऱ्या प्रोग्रामला कधीकधी पहिल्या रकान्याच्या नावाला चिकटलेलं ते अदृश्य शेपूट चालत नाही. जुना डेटा श्रीलिपीसारख्या युनिकोड नसलेल्या फॉन्टमध्ये असेल तर बीओएमनंही भागत नाही. आधी तो युनिकोडमध्ये बदलून घ्यावा लागतो, आणि त्याचे पैसे वेगळे धरावेत.

खोटं एक्सेल

यावर फार वेळ घालवायचा नाही. वेबपेजवरचं टेबल जसंच्या तसं उचलायचं, फाईलच्या नावाला एक्सएलएस (एक्सेलच्या जुन्या प्रकाराचं शेपूट) जोडायचं, ब्राउझरला ‘हे एक्सेल आहे’ म्हणून सांगायचं. दहा ओळींच्या कोडमध्ये होतं, रंग आणि जोडलेले मथळेही येतात, म्हणून अजून जागोजागी चालू आहे. पण उघडताना एक्सेल ‘फाईलचा प्रकार आणि नाव जुळत नाही’ असा इशारा देतं. अनोळखी इशाऱ्यावर ‘येस’ दाबायची सवय ऑफिसला लावणं मला पटत नाही. फोनवर ती उघडेलच असं नाही, आणि ती परत वाचायला गेलेला प्रोग्राम हात टेकतो. तुमच्याकडची फाईल अशी आहे का हे बघायचं असेल तर नोटपॅडमध्ये उघडा. खऱ्या एक्सएलएसएक्सची सुरुवात ‘पीके’ या दोन इंग्रजी अक्षरांनी होते, कारण ती मुळात झिप फाईल असते. वाचता येण्याजोगे एचटीएमएलचे टॅग दिसले तर जुगाड आहे.

एक्सएलएसएक्स

२००७ च्या ऑफिसबरोबर हा प्रकार आला. डिसेंबर २००६ मध्ये तो एक्मा या मानक संस्थेचं ३७६ क्रमांकाचं मानक झाला आणि २००८ मध्ये आयएसओचं. एका झिपमध्ये टॅग लावलेल्या मजकुराच्या बऱ्याच (एक्सएमएल) फाइली, आणि प्रत्येक चौकटीबरोबर (सेलबरोबर) तिचा प्रकार लिहिलेला. इथे ०४०१ हा मजकूर आहे असं आपण सांगू शकतो आणि एक्सेल ऐकतं. सोळा आकडी खातं, १५/२, हीट नंबर, सगळं आहे तसं राहतं. तारीख आत अनुक्रमांक म्हणून जाते, त्यामुळे ३ एप्रिलचा ४ मार्च होत नाही. वरची ओळ गोठवता येते, रकान्यांची रुंदी ठरवता येते. बघायला या छोट्या गोष्टी, पण गिऱ्हाईक ‘सॉफ्टवेअर चांगलं आहे’ म्हणतं ते यांच्याकडे बघून.

इथेही चुका होतातच. सगळ्यात नेहमीची म्हणजे रक्कमसुद्धा मजकूर म्हणून पाठवणं. पडद्यावर १,२५,००० सुंदर दिसतं म्हणून डेव्हलपर स्वल्पविरामांसकट तेच चौकटीत टाकतो. मग सीए बेरीज लावतो आणि उत्तर येतं शून्य. रक्कम शुद्ध आकडा म्हणून जावी, लाखाचे स्वल्पविराम चौकटीच्या फॉरमॅटमधून यावेत. उघडल्यावर आकडे डावीकडे चिकटलेले दिसले तर ते मजकूर आहेत, एवढं ओळखायला कोड यावा लागत नाही.

दुसरी चूक सुरक्षेची. बाहेरच्या माणसानं फॉर्ममध्ये नावाच्या जागी बरोबरच्या चिन्हानं सुरू होणारं काही भरलं, तर निर्यात केलेल्या फाईलमध्ये ते सूत्र (फॉर्म्युला) म्हणून चालू शकतं. सीएसव्हीत हा धोका उघडच आहे. पण पायथॉन या प्रोग्रामिंग भाषेच्या ओपनपायएक्सएल आणि एक्सएलएसएक्सरायटर या लायब्रऱ्याही अशा मजकुराला आपणहून सूत्र मानतात. तिथे ‘हा मजकूरच’ असं ठासून लिहावं लागतं.

आणि खर्च. चारशे उत्पादकांची संस्था, सगळ्यांनी सकाळ-संध्याकाळ दूध घातलं तर वर्षाला २,९२,००० ओळी. दहा रकाने धरले तर २९ लाखांवर चौकटी. पीएचपी या वेबसाठीच्या भाषेची पीएचपीस्प्रेडशीट ही लायब्ररी तिच्याच माहितीपत्रकाप्रमाणे ६४ बिटच्या पीएचपीवर चौकटीमागे साधारण १.६ केबी मेमरी घेते. म्हणजे साडेचार जीबीच्या वर. पीएचपीला मुळात मिळतात १२८ एमबी. स्वस्तातल्या होस्टिंगवर बटण दाबलं की पांढरा पडदा येतो तो यामुळे. ओळ लिहून लगेच मोकळ्या होणाऱ्या लायब्रऱ्या घ्याव्यात. पीएचपीत ओपनस्पाउट, जावात अपाचे पीओआयचा एसएक्सएसएसएफ, पायथॉनमध्ये ओपनपायएक्सएलचा फक्त लिहिण्याचा मोड. त्याउपर फाईल पडद्यामागे सर्व्हरवर तयार होऊ द्यावी आणि झाली की लिंक द्यावी.

ओळींची मर्यादाही ध्यानात असू द्या. एक्सएलएसएक्सच्या एका शीटमध्ये १०,४८,५७६ ओळी मावतात, जुन्या एक्सएलएसमध्ये ६५,५३६. वरच्या संस्थेचं वर्ष जुन्या प्रकारच्या एका शीटमध्ये मावतच नाही. २०२० च्या ऑक्टोबरात इंग्लंडमध्ये कोविडचे १५,८४१ रुग्ण मोजणीतून सुटल्याचं उघड झालं, ते याच जुन्या प्रकारापायी. प्रयोगशाळांच्या सीएसव्ही त्यात भरल्या जात होत्या आणि शीट भरल्यावर उरलेल्या ओळी गुपचूप गळत होत्या.

उरलेले पर्याय

गूगल शीट्स रोज चार जण मिळून बघणार असतील तर छान. सगळ्या शीट मिळून एका फाईलला एक कोटी चौकटींची मर्यादा आहे, ती सहसा आड येत नाही. मला भीती असते ‘लिंक असेल त्याला उघडेल’ या सेटिंगची. त्यात उत्पादकांचे खाते नंबर असतील आणि लिंक व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर गेली तर? वैयक्तिक डेटा संरक्षणाचा कायदा २०२३ मध्ये झालेला आहे, निदान खाते नंबरांचा रकाना तरी वगळा. ओडीएस हे स्प्रेडशीटचं खुलं मानक चांगलं आहे, पण ते वापरणारं लिब्रेऑफिस हे मोफत सॉफ्टवेअर एक्सएलएसएक्सही उघडतंच, म्हणून निविदेत मागितल्याशिवाय मी त्याच्या वाटेला जात नाही.

फाईल ब्राउझरमध्ये बनवायची की सर्व्हरवर, हाही एक निर्णय आहे. पडद्यावरच्या टेबलाला तयार बटण जोडणं मोहाचं असतं. पण डेटाटेबल्समध्ये (वेबपेजवर टेबल दाखवणाऱ्या लायब्ररीत) ओळी सर्व्हरकडून पानापानानं येत असतील तर ते बटण समोरच्या पानावरच्याच ओळी देतं. वर्षाचा अहवाल म्हणून पंचवीस ओळी घेऊन गेलेला अडत्या मी पाहिलाय. दुपारपर्यंत त्यालाही कळलं नव्हतं. छोट्या यादीला ब्राउझर, हिशोबाला सर्व्हर.

सॉफ्टवेअर विकत घेणारे तुम्ही असाल तर यातलं काहीच पाठ करू नका. डेमोला बसाल तेव्हा एकच नोंद भरायला सांगा: नाव ज्ञानेश्वर, पत्त्यात दोन स्वल्पविराम, गट नंबर १५/२, एचएसएन ०४०१, सोळा आकडी खातं, तारीख ३ एप्रिल, रक्कम सव्वा लाख. तिथल्या तिथे एक्सपोर्ट दाबायला लावा. आलेली फाईल विक्रेत्याच्या लॅपटॉपवर बघू नका. ऑफिसातल्या सगळ्यात जुन्या कॉम्प्युटरवर आणि सचिवांच्या फोनवर उघडा, एक अक्षर बदलून सेव्ह करा, आणि परत उघडून बघा.