डीटीएचवर वाहिन्या निवडण्याची सोय: आमचा अनुभव

जळगावच्या आमच्या घरी संध्याकाळी आई कळण्याच्या भाकरी थापत असताना टीव्हीवर एखाद्या खुनाचे नाट्यरूपांतर सुरू असे आणि पार्श्वसंगीत चढले की तिचा हात परातीतच थांबे. रात्री ती दाराची कडी तीन-तीनदा तपासू लागली, तेव्हा तिच्याशी बोलून मी डीटीएचवरील वाहिन्या कमी करायचे ठरवले. दूरसंचार नियामक संस्था असलेल्या ट्रायच्या नियमांमुळे २०१९ पासून हव्या त्या वाहिन्या सुट्या घेता येतात. तरीही आम्ही विक्रेत्याने दिलेला वाहिन्यांचा संचच चालू ठेवला होता.

ॲपवरून चार सशुल्क वाहिन्या काढायला दहा मिनिटे पुरली. मोफत वृत्तवाहिन्या मात्र दिसतच राहतात. त्यांच्यासाठी सेट-टॉप बॉक्समधील पालक-नियंत्रणाचा पिन वापरावा लागला आणि हा पर्याय मेनूत इतका आत आहे की ग्राहकसेवेच्या प्रतिनिधीलाही तो चटकन सापडला नाही. ज्या घरात वयस्कर माणूस एकटाच टीव्हीसमोर बसतो, तिथे ही उणीव मला फार गंभीर वाटते.

बातम्या आम्ही पूर्ण सोडलेल्या नाहीत. करोनाच्या सुरुवातीला, मार्च २०२० मध्ये, जागतिक आरोग्य संघटनेने अस्वस्थ करणाऱ्या बातम्या कमी पाहून दिवसातून एक-दोनदा, ठरावीक वेळीच माहिती घेण्याचे सुचवले होते. त्याप्रमाणे सकाळी आकाशवाणीचे बातमीपत्र ऐकतो, तेवढेच. बिलही थोडे उतरले आहे, पण मला मोलाचे वाटते ते हे, की गेले दोन महिने आई कडी एकदाच लावते आणि झोपते.