जुना मिनी लेथ आणि त्याचा बॅकलॅश : काही महिन्यांच्या वापरानंतर

सात इंची, ३०० मिमी सेंटर अंतराचा चिनी मिनी लेथ (धातू फिरवून कापायचं छोटं यंत्र) जुन्यात घेताना जो तो आधी क्रॉस स्लाइडचं, म्हणजे कापणारं टूल आत-बाहेर नेणाऱ्या भागाचं, हँडल मागेपुढे हलवून बघतो. स्लाइड न हलता ते पाव फेरा रिकामं फिरलं, म्हणजे बॅकलॅश दिसला, की सौदा मोडतो. मोडायची गरज नसते. या लेथवर स्क्रूचा पिच १ मिमी आणि डायलवर ४० घरं आहेत, म्हणजे पाव फेरा म्हणजे ०.२५ मिमी. वापरातल्या या जुन्या नगावर तर १७ घरं, ०.४२ मिमी रिकामं जात होतं. आता साडेतीन-चार घरं जातात, आणि स्क्रू जुनाच आहे.

स्क्रूवर चालून स्लाइड ओढणारा नट बदलायला धावण्याआधी हा ०.४२ कुठेकुठे वाटला गेलाय ते काढा. कॅरेज (बेडवर सरकणारा भाग) लॉक करा, मॅग्नेट स्टँड बेडवर लावा आणि डायल गेजचं टोक क्रॉस स्लाइडला टेकवा. हँडल आत फिरवून सुई हलायला लागली की थांबा, हँडलवरची डायल शून्यावर घ्या आणि उलट फिरवा. सुई पुन्हा हलेपर्यंत गेलेली घरं म्हणजे एकूण बॅकलॅश. मग गेज हँडलच्या कॉलरवर लावा आणि हँडल न फिरवता नुसतं ओढा-ढकला. इथे ०.१९ आलं. जवळजवळ अर्धा दोष स्क्रूला हँडलच्या बाजूने धरणाऱ्या ब्रॅकेटपाशी होता, आणि शिव्या नटला बसत होत्या.

ही मापं घेण्याआधी जिब (स्लाइडची फट भरणारी पट्टी) मात्र बसवून घ्या. जिब सैल असली की स्लाइड किंचित तिरकी होते आणि गेजवर तेही बॅकलॅशसारखंच दिसतं. तिचे तीन ग्रब स्क्रू (बिनडोक्याचे) स्लाइड जड होईपर्यंत कसायचे, मग प्रत्येकी अर्धपाव फेरा सोडायचे. लॉकनट आवळताना ग्रब स्क्रू अॅलन कीने धरून ठेवायचा, नाहीतर तोही सोबत फिरतो आणि केलेली मेहनत पाण्यात. हँडलला थोडा जडपणा राहिला तर राहू द्या, त्याचा उपयोग पुढे पार्टिंगला, म्हणजे तुकडा कापून वेगळा करताना, होतो.

ब्रॅकेटचा प्ले (ढिलाई) काढायला हँडलमागचा नट आवळला की काम झालं, असं वाटतं. पण ब्रॅकेटचं तोंड भोकाला काटकोनात नसेल, तर हँडल एका फेऱ्यात अर्धं जड आणि अर्धं हलकं फिरतं. तोंडाला निळा रंग लावून उंच भाग शोधा आणि तो बारीक कानशीने उतरवा. त्यानंतर अर्धा मिमीचा पितळी वॉशर आणि नायलॉक नट एवढ्यावर ०.१९ चं ०.०३ होतं. नीडल थ्रस्ट बेअरिंग (शाफ्टच्या लांबीच्या दिशेचा दाब घेणारं) टाकायचं असेल तर आधी शाफ्ट मोजा. १० मिमी शाफ्टला एएक्सके १०२४ बसतं, पण बेअरिंग २ मिमी आणि दोन्ही वॉशर १-१ मिमी, म्हणजे एका बाजूला ४ मिमी जागा लागते. दोन्ही बाजूंना बसवलं तर हँडलच्या नटला आटे उरत नाहीत. हौशी कामाला पितळी वॉशर पुरतो.

आता नट. मूळ नट मधल्या एका स्क्रूने स्लाइडला धरलेला असतो, आणि आजूबाजूच्या दोन स्क्रूंनी त्याला तिरका करून प्ले खाता येतो. हा उपाय तात्पुरता. तिरक्या नटचे फक्त टोकाचे आटे टेकतात आणि लवकर झिजतात. चांगला उपाय म्हणजे फॉस्फर ब्राँझचा फोडलेला नट. नटला आडवी हॅकसॉची चीर द्यायची, खाली दोन-तीन मिमी सलग ठेवायचं आणि एम४ स्क्रूने दोन भाग किंचित फाकवायचे. एक भाग आट्याच्या पुढच्या बाजूला टेकतो, दुसरा मागच्या. नागपुरात इतवारीत किंवा हिंगणा एमआयडीसीतल्या जॉबवर्कवाल्याकडे ब्राँझचा तुकडा मिळवता येतो. अडतं ते टॅपवर, म्हणजे आतले आटे पाडायच्या हत्यारावर. क्रॉस स्लाइडचे आटे डावे असतात, कंपाउंडचे (तिच्यावर बसलेल्या, तिरक्या करता येणाऱ्या छोट्या स्लाइडचे) उजवे. उजवा टॅप मारलेला नट इथे बसणारच नाही.

अॅसिटलचा (एका कडक प्लास्टिकचा) नट स्वस्त पडतो आणि हाताला मऊ लागतो, पण नागपुरात जपून. डिसेंबरच्या पहाटे १०-१२ अंश आणि मे महिन्यात ४५ च्या वर, म्हणजे ३० अंशांहून जास्त फरक. २० मिमी लांबीचा अॅसिटल तेवढ्यात सुमारे ०.०६ मिमी वाढतो, स्टील जेमतेम ०.००७. थंडीत चपखल बसवलेला नट उन्हाळ्यात हँडल जड करतो.

कोणताही नट बसवा, स्क्रूची झीज मात्र तशीच राहते. लहान जॉब (लेथवर धरलेले तुकडे) सगळे एकाच पट्ट्यात होतात, म्हणून स्क्रू तिथेच खाल्लेला असतो. या नगावर फोडलेला नट कसल्यावर टोकांना ०.०४ आणि मधल्या पट्ट्यात ०.०९ मिळतं. मधलंही ०.०४ करायला गेलात तर टोकांना हँडल अडकतं. नट नेहमी कमी झिजलेल्या जागेवर जुळवावा, उरलेलं हाताने सांभाळावं.

हाताने सांभाळायचं म्हणजे माप नेहमी एकाच दिशेने गाठायचं. पुढे गेलात तर एक पूर्ण फेरा मागे येऊन पुन्हा आत या. एक-दोन घरं उलट फिरवून काही होत नाही. एक घर म्हणजे व्यासात ०.०५, हेही लक्षात ठेवा. आटे पाडताना टूल जॉबच्या ३-४ मिमी आधी सुरू करा, म्हणजे लीडस्क्रूचा (कॅरेज सरकवणाऱ्या लांब स्क्रूचा) प्ले तोपर्यंत भरतो, आणि स्पिंडल उलट फिरवण्याआधी टूल बाहेर काढा. डिजिटल स्केल लावली तर माप बॅकलॅशपासून सुटतं. पण पार्टिंगला स्लाइड पुढे ओढली जाते, ते स्केल थांबवत नाही. पितळेवर टूलला रेक (वरच्या तोंडाचा उतार) शून्य ठेवा, नाहीतर ते जॉबमध्ये घुसतं आणि २ मिमीचं ब्लेड गेलं. तिथे जड ठेवलेली जिब कामाला येते.

लेथ कूलरच्या खोलीत असेल तर स्क्रूवर ग्रीस नको, ६८ नंबरचं तेल रोज पुसून लावा. ओल्या हवेने आट्यांत गंज धरतो, तो ग्रीसमध्ये मिसळतो आणि नवा नट खातो.

कंपाउंडवर इतका जीव टाकू नका. तिरकं टर्निंग नसेल तेव्हा ते उतरवून त्या जागी एम.एस.चा (साध्या पोलादाचा) सलग ठोकळा बसवा आणि टूलपोस्ट त्यावर ठेवा. एक अख्खा स्क्रू, नट आणि जिब त्यांच्या प्लेसकट बाजूला होतात, आणि पार्टिंगमधला थरथराट तिथेच बराच कमी होतो.